३११ गुण आणि पितृपक्षातले दोन आठवडे

माझी भाची वर्तकनगरला राहते आणि ऐरोलीतल्या एका कंपनीत नोकरी करते. २०२३ साली नवी मुंबईतल्या कॉलेजातून ती सिव्हिल इंजिनिअर झाली. वाहतूक अभियांत्रिकीत एमएस करायला अमेरिकेला जायचं, हे तिचं दुसऱ्या वर्षापासून ठरलेलं. १० ऑगस्ट २०२४ ला तिने जीआरई, म्हणजे तिकडच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणारी परीक्षा, दिली. परीक्षा संपताच पडद्यावर आकडे आले: क्वांट म्हणजे गणिताच्या भागात १५८, व्हर्बल म्हणजे भाषेच्या भागात १५३. निबंधाचे गुण आठवड्याभराने कळले, ३.५.

परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, या प्रश्नावर पुढचे जवळजवळ आठ आठवडे आमच्या दोन घरांत जे घडलं ते इथे तिच्या परवानगीने लिहिते आहे. विद्यापीठांची नावं तिच्या विनंतीवरून गाळली आहेत. मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित आणि संख्याशास्त्र शिकवते. दरवर्षी दोन-चार जुने विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. पण आपल्याच घरातल्या मुलीचे आकडे समोर असले की थंड डोक्याने पाहणं किती अवघड जातं, हे मला या वेळी कळलं.

३४० पैकी ३११

त्या संध्याकाळी भावोजींनी पेढे आणले होते. ३४० पैकी ३११ म्हणजे साडेएक्क्याण्णव टक्के. दहावी-बारावीच्या टक्केवारीवर वाढलेल्या घरांत हा हिशोब आपोआप होतो. पण जीआरईची पट्टी शून्यापासून सुरू होत नाही. दोन्ही भागांत कमीत कमी १३० आणि जास्तीत जास्त १७० गुण असतात. सगळी उत्तरं चुकली तरी नावावर २६० लागतात. उरलेल्या ८० गुणांपैकी तिला ५१ मिळाले होते. त्यातही क्वांटची गोष्ट निराळी. इंजिनिअरिंग आणि गणिताची मुलं जगभरातून ही परीक्षा देतात, पैकीच्या पैकी मिळवणारेही कमी नसतात. त्यामुळे १५८ हा आकडा परीक्षार्थींच्या रांगेत साधारण मधोमध येतो.

भाचीला हे ठाऊक होतं. तिने पेढा घेतला आणि तसाच बशीत ठेवला. भावोजींनी रात्री जागून इंटरनेटवर वाचलं आणि सकाळी त्यांचा चेहरा उतरलेला होता. आदल्या संध्याकाळी उत्तम वाटलेले ३११ एका रात्रीत लाजिरवाणे झाले. हे गुण नेमके कुठे आणि कशासाठी दाखवायचे आहेत, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

गणपतीत ठरलेली तारीख

७ सप्टेंबरला गणपती आले. ताईकडे दीड दिवसाचा असतो. दुपारची आरती झाली, पानं मांडायची होती, आणि भावोजींनी सगळ्यांसमोर सांगितलं की ९ नोव्हेंबरचा स्लॉट त्यांनी घेऊन टाकला आहे. २२,५५० रुपये भरले होते.

त्यांचं म्हणणं मी इथे पूर्ण मांडते, कारण ते कच्चं नव्हतं. दोन परीक्षांमध्ये २१ दिवस जावे लागतात, ते जात होते. बारा महिन्यांत पाच वेळा परीक्षा देता येते. गुण पाच वर्षं चालतात. आणि स्कोअरसिलेक्ट नावाची सोय आहे: कुठल्या तारखेचे गुण पाठवायचे ते विद्यार्थी ठरवतो, दुसऱ्यांदा कमी पडले तर ते विद्यापीठाला दिसतही नाहीत. "म्हणजे वाढले तर आपले, नाही वाढले तर कुणाला कळलं?" भावोजी म्हणाले. "चाळीस लाखांचं कर्ज काढायला निघालोय आपण. तिथे बावीस हजारांचा विचार करायचा का?"

मी एवढंच सांगितलं की एका तारखेचं क्वांट आणि दुसऱ्या तारखेचं व्हर्बल अशी जोडणी करता येत नाही, अख्खी तारीखच जाते. त्यावर ते म्हणाले, "तुझं आपलं काहीतरी असतंच." तेही खरं.

भाची मोदक वाढत होती. मधेच म्हणाली, "मावशी, मॉकमध्ये १६४ यायचे गं. त्या दिवशीच काहीतरी बिघडलं." सराव परीक्षांबद्दलचं हे वाक्य तिने आधीही घरी सांगितलेलं होतं आणि सगळ्यांनी ते घट्ट धरून ठेवलं होतं. मुलगी १६४ ची, दिवस वाईट निघाला, म्हणून पुन्हा एक दिवस द्यायचा. सगळा निर्णय या एका वाक्यावर उभा होता, म्हणून मी ते वाक्यच तपासायला घेतलं.

१६४ कुठून आले

विसर्जनानंतर ती तिची वही घेऊन नौपाड्याला माझ्याकडे आली. जून-जुलैत तिने पाच मॉक दिले होते. क्वांटचे आकडे असे: १६०, १५८, १६४, १६१, १५९. सरासरी काढली तर १६० च्या जरा वर येते. पाचातला सर्वांत मोठा आकडा तिच्या लक्षात राहिला आणि घरभर तोच फिरला. यात लबाडी नव्हती. आपण सगळे आपली उंची सकाळी, पाठ ताठ करूनच सांगतो.

मग मी विचारलं, "मॉक कसे दिलेस?" ऑफिसातून आल्यावर, जेवण झाल्यावर, रात्री. निबंध? "तो सोडून द्यायचे. त्याला कोण गुण देणार घरी?" मधे उठायची? "चहा घ्यायला. एकदा आजीचा फोन आला होता."

जीआरई २२ सप्टेंबर २०२३ पासून लहान झाली आहे. एकूण १ तास ५८ मिनिटं, आणि मधे ठरलेली सुट्टी नाही. सुरुवातीला अर्ध्या तासाचा निबंध असतो, तो चुकवता येत नाही. त्यानंतर व्हर्बलचे दोन आणि क्वांटचे दोन भाग. क्वांटचा पहिला भाग १२ प्रश्नांचा, २१ मिनिटांचा. दुसरा १५ प्रश्नांचा, २६ मिनिटांचा. पहिला कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. भाची घरी निबंध वगळून, ताज्या डोक्याने, मधे चहा घेऊन मॉक देत होती. ती जे मोजत होती ती ही परीक्षा नव्हती.

सुदैवाने परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या दोन मोफत पॉवरप्रेप चाचण्यांपैकी एक तिने उघडलेली नव्हती. रविवार, १५ सप्टेंबर. जेवणाच्या टेबलावर मी तिचा लॅपटॉप लावून दिला, फोन माझ्याकडे घेतला. गल्लीत मंडळाचा लाउडस्पीकर चालू होता म्हणून खिडक्या लावून घेतल्या. निबंधासकट, पाणीसुद्धा न पिता, एका बैठकीत. मी स्वयंपाकघरात पेपर तपासत बसले, पण खरं सांगायचं तर माझं एकाही पेपरात लक्ष नव्हतं.

क्वांट १५९, व्हर्बल १५४.

ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी काही बिघडलं नव्हतं." डोळ्यांत पाणी होतं. मी तिला जवळ घेतलं. संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून सांगायचं तर ईटीएसच या गुणांत प्रत्येक भागाला साधारण दोन गुणांची मापनचूक धरते. १५८, १५९ आणि १६० हे आकडे त्या अर्थी एकच आहेत. पण वाईट दिवसाची समजूत मोडताना माणसाला काय होतं, ते या वाक्यात येत नाही. ती समजूत तिला महिनाभर सांभाळत होती.

गुण वाढले असते का

हो, वाढले असते असं मला वाटतं. हे मी भावोजींनाही सांगितलं.

त्या रविवारच्या चाचणीत क्वांटच्या २७ प्रश्नांत तिच्या नऊ चुका होत्या. मी त्या एकेक करून तिच्याकडून पुन्हा सोडवून घेतल्या. पाच चुका तुलनेच्या प्रश्नांत होत्या. या प्रश्नात दोन राशी देतात आणि विचारतात: पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही सारख्या, की दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही? पाचपैकी चार ठिकाणी बरोबर उत्तर 'सांगता येत नाही' होतं, आणि तिने दुसरं काहीतरी निवडलं होतं. उदाहरणार्थ, क्ष धन आहे; क्ष चा वर्ग मोठा की क्ष? तिने क्षणात वर्ग मोठा म्हटलं. २ घातले तर वर्ग मोठा, १ घातला तर सारखे, अर्धा घातला तर वर्ग लहान. ती इंजिनिअर आहे, तिला हे येत नाही असं नाही. पण साइटवरच्या आकड्यांची सवय अशी की राशी पूर्णांकच असणार, मोठीच असणार. शून्य, अपूर्णांक आणि ऋण संख्या घालून बघायची सवय लावणं हे तीन-चार आठवड्यांचं काम.

कारण सापडलं की सुधारणा होते, हे मी पाहिलं आहे. माझ्या एका सहकारी शिक्षिकेचा मुलगा, कोपरखैरण्याचा, १५७ घेऊन आला होता. शेवटचे पाच-सहा प्रश्न त्याने वेळ संपल्यामुळे कोरे सोडले होते, आणि या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत हे त्याला माहीत नव्हतं. त्याला मी त्याच दिवशी म्हटलं, पुन्हा दे. त्याचं कारण स्पष्ट होतं, उपाय सोपा होता आणि त्याच्या यादीतली बहुतेक विद्यापीठं गुण मागत होती.

भाचीचंही कारण स्पष्ट होतं. नीट मेहनत घेतली तर १६१ ते १६३ पर्यंत ती जाईल, असा माझा अंदाज होता. १६८ चं स्वप्न मी कुणाला दाखवलं नाही. मात्र तिची यादी त्या मुलाच्या यादीसारखी आहे का, हे पाहायचं राहिलं होतं.

आठ ठिकाणं

तिने आठ विद्यापीठं निवडली होती. आम्ही प्रत्येक खात्याचं स्वतःचं पान उघडून वाचलं. विद्यापीठाचं सर्वसाधारण पान आणि खात्याचं पान यांत फरक असतो, आणि कोविडनंतर अनेक खात्यांनी जीआरईचे नियम बदलले आहेत. त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या सीनियरचं ऐकून चालत नाही.

तीन ठिकाणी स्पष्ट लिहिलं होतं: जीआरई स्वीकारत नाही. पाठवले तरी कुणी बघणार नाही. दोन ठिकाणी ऐच्छिक. तीन ठिकाणी अनिवार्य. अनिवार्य असलेल्या तिघांपैकी दोघांनी किमान गुणांची अट नाही असं म्हटलं होतं. तिसऱ्याने आधीच्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांची क्वांटची सरासरी दिली होती, १६३.

आणि तिसरं ठिकाण नेमकं तिच्या मनातलं. तिथल्या एका प्राध्यापकांचं सिग्नलवरच्या मिश्र वाहतुकीवरचं काम तिने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी वाचलं होतं.

मी तिला म्हटलं, सरासरी म्हणजे उंबरठा नव्हे. सरासरी १६३ असेल तर त्याखालीही बरीच मुलं आत गेलेली असतात. ते बरोबरच आहे. पण ती खालची मुलं दुसरं काय घेऊन आत गेली असतील, हा पुढचा प्रश्न मला त्यानंतर सुचला.

भावोजींची आणखी एक शंका होती: फंडिंग, म्हणजे विद्यापीठाकडून मिळणारी आर्थिक मदत, गुणांवर ठरतं. कर्जाचा आकडा त्यांच्या डोक्यात होता, त्यामुळे ही शंका सगळ्यांत जड होती. अंदाज करत बसण्यापेक्षा भाचीने गुण मागणाऱ्या आणि ऐच्छिक ठेवणाऱ्या पाचही खात्यांच्या प्रवेश समन्वयकांना चार ओळींचा ईमेल लिहिला. आठवड्यात चार उत्तरं आली. दोघांनी कळवलं की असिस्टंटशिप, म्हणजे शिकता शिकता करायचं पगारी काम, प्राध्यापक आपापल्या प्रकल्पाप्रमाणे देतात, जीआरईवर नाही. एकाने लिहिलं की एका विशिष्ट फेलोशिपसाठी नाव पाठवताना गुण बघितले जातात. चौथ्याने नुसती लिंक पाठवली. इतका साधा ईमेल लिहायला आपली मुलं का घाबरतात, मला समजत नाही. विचारल्याने कुणाचा अर्ज बाद होत नाही.

म्हणजे आठातल्या एका ठिकाणी पाच गुणांचा उघड फरक पडण्याची शक्यता, एका फेलोशिपपुरता थोडा, आणि बाकी ठिकाणी जवळजवळ नाही.

तीन हात नाका

इथे तिच्या प्रोजेक्टबद्दल सांगायला हवं, कारण निर्णय त्यावर फिरला.

शेवटच्या वर्षी तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ठाण्यातल्या तीन हात नाक्यावरच्या वाहतुकीचा व्हिडिओ जवळच्या एका इमारतीच्या गच्चीवरून घेतला होता. जानेवारीतले कोरडे दिवस. त्यातून दुचाकी, रिक्षा, कार, बस, ट्रक असे प्रकार वेगळे करून हाताने मोजणी. मग प्रत्येक वाहनाला पीसीयू, म्हणजे एका कारच्या तुलनेत ते किती जागा खातं तो आकडा लावायचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ या १९९० च्या मार्गदर्शिकेत शहरातल्या रस्त्यांसाठी हे आकडे आहेत. रिक्षा एकूण वाहनांत पाच टक्के असेल तर १.२, दहा टक्के किंवा जास्त असेल तर २. दुचाकीला ०.५ किंवा ०.७५.

तिला तेव्हापासून एक गोष्ट खटकत होती. सिग्नल लाल असताना दुचाक्या कारच्या मधल्या फटींतून पुढे येऊन रांगेच्या तोंडाशी जमतात आणि हिरवा होताच पहिल्या काही सेकंदांत निघून जातात. मग त्यांचं पीसीयू सगळ्या हिरव्या वेळात एकच कसं? आणि पावसात? रेनकोट घातलेला दुचाकीस्वार तितका पुढे घुसत नाही, रिक्षांची संख्या बदलते, खड्ड्यातलं पाणी चुकवायला सगळे एका बाजूला सरकतात. पावसातला व्हिडिओ त्यांच्याकडे नव्हता. प्रोजेक्ट सादर झाला, गुण मिळाले, प्रश्न तसाच राहिला.

हे ती मला त्या रविवारी चाचणीनंतर सांगत होती. डोळे अजून लाल होते, पण हात हवेत नाका काढत होते. मी तिला विचारलं, "एसओपीत हे लिहिलंयस?" तिच्या एसओपीच्या, म्हणजे हा विषय का शिकायचाय ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनाच्या, मसुद्यात लहानपणापासून वाहतुकीचं आकर्षण आणि घोडबंदर रोडच्या कोंडीवर एक परिच्छेद होता. ठाण्याचा कुणीही लिहील असा.

तासांची बेरीज

ती पावणेआठला घरी पोचते. रोज सव्वा तास, शनिवार-रविवार मिळून सहा तास, असे आठवड्याला बारा तास धरले. त्याहून जास्त धरणं म्हणजे स्वतःला फसवणं. १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबर, दिवाळीचा आठवडा वगळून, साधारण १४४ तास. कामं: एसओपी आणि आठ ठिकाणांसाठी त्यातले बदल, सुमारे ५०. पावसातला व्हिडिओ आणि मोजणी, ३०. शिफारसपत्रं, ट्रान्सक्रिप्ट, फॉर्म, १५. जीआरईची पुन्हा तयारी, ४०. बेरीज १३५. बसत होती.

भावोजी म्हणाले, "बघ, बसतंय की."

मीही क्षणभर तसंच म्हणणार होते. भाचीनेच कॅलेंडर पुढे ओढलं. मोजणीला साधा कामाचा दिवस लागतो. अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला, तोवर रस्ते नेहमीसारखे नाहीत. ३ ऑक्टोबरपासून नवरात्र, मग दसरा, मग दिवाळीची खरेदी आणि शाळांना सुट्टी. पाऊसही ऑक्टोबरात भरवशाचा नाही. म्हणजे १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर, पितृपक्षातले दोन आठवडे, एवढीच तिची संधी. त्यात कुणी नवी गाडी काढत नाही, मिरवणुका नाहीत, शाळा-ऑफिसं चालू, आणि पाऊस अजून आहे. ज्या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी नवं काम सुरू करत नाही, त्यातच तिला सुरू करायचं होतं. शिवाय शिफारसपत्र देणाऱ्या दोन्ही सरांना दिवाळीआधी प्रोजेक्टचा सारांश हवा होता, कारण त्यानंतर ते विद्यापीठाच्या परीक्षांत अडकतात. दोन ठिकाणची डेडलाइन १ डिसेंबर होती.

कागदावर तास बसत होते, पण ते चुकीच्या आठवड्यांत मोकळे होते. जीआरईचे चाळीस तास आणि मोजणीचे तीस तास दिवाळीआधीच्या त्याच आठवड्यांवर येऊन पडत होते.

एक गोष्ट मात्र भावोजींच्या घाईमुळे आमच्या बाजूने होती. परीक्षेच्या चार दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर निम्मे पैसे परत मिळतात. ते १७ सप्टेंबरला रद्द केलं काय आणि ५ नोव्हेंबरला केलं काय, तोटा तेवढाच. म्हणून त्या रात्री कुणी काहीच रद्द केलं नाही. आधी मोजणी, मग ३ ऑक्टोबरला पुन्हा बसायचं, एवढंच ठरलं.

पंधरवडा

तिने दोन सकाळी रजा घेतल्या. गच्चीची परवानगी जुन्या सेक्रेटरींनी आनंदाने दिली. कोरडी सकाळ एक मिळाली, रिमझिम पावसाची एक. २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी मुंबई-ठाण्यात मुसळधार पाऊस झाला, त्या वेळी ती ऐरोलीला अडकली होती. फार चुटपुटली. त्यावर मी म्हटलं, तसा पाऊस तुझ्या प्रश्नाचा नव्हेच, त्यात सिग्नल कोण पाळतं.

एक तासाचा व्हिडिओ थांबवत-थांबवत मोजायला चार-पाच तास लागतात. दोन रात्री मीही तिच्याबरोबर बसले. ती दुचाक्या मोजायची, मी रिक्षा. हिरव्या वेळाचे पाच-पाच सेकंदांचे तुकडे पाडायचे ही तिची कल्पना. तिच्या मोजणीत दिसलं ते असं: कोरड्या सकाळी पहिल्या दोन तुकड्यांत दुचाक्यांचा लोंढा निघून जातो, पावसात तो पुढच्या तुकड्यांत पसरतो. दोनच सकाळींची मोजणी आहे, त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, हे तिनेच सारांशात लिहिलं. ते वाचताना मला तिचा फार अभिमान वाटला.

एसओपीचा पहिला परिच्छेद तिने त्या आठवड्यात पुसला. नवा परिच्छेद हिरवा सिग्नल लागल्यानंतरच्या पाच सेकंदांपासून सुरू होतो.

३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या संध्याकाळी, ती म्हणाली, "बाबा, मी परीक्षा रद्द करते. गुण वाढतील, मला माहीत आहे. पण मला हे पूर्ण करायचंय." भावोजी उठून बाल्कनीत गेले. ताईने मला खुणेने गप्प राहायला सांगितलं. निम्मे पैसे काही दिवसांनी खात्यात आले. दसऱ्याला भावोजी सोनं द्यायला आले तेव्हा आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "पोरीने तुझं ऐकलं." मी म्हटलं, "भावोजी, माझं नाही ऐकलं. मी तर बेरीज बसते म्हणणार होते."

पुढे

गुण ऐच्छिक असलेल्या दोन्ही ठिकाणी तिने १५८ पाठवले नाहीत. अनिवार्य असलेल्या तिन्ही ठिकाणी पाठवले, तिच्या मनातल्या ठिकाणीही.

आठांतून चार ठिकाणी प्रवेश मिळाला, तीन ठिकाणी नकार, एका ठिकाणाहून जूनपर्यंत उत्तरच आलं नाही. जीआरई न घेणाऱ्या तिघांपैकी दोघांनी घेतलं. अनिवार्य असलेल्यांपैकी एकाने घेतलं, फंडिंगशिवाय. ऐच्छिक असलेल्या एका खात्यातल्या प्राध्यापकांनी व्हिडिओ कॉलवर तिला पावसातल्या मोजणीबद्दल अर्धा तास विचारलं आणि असिस्टंटशिप देऊ केली. तिने १२ एप्रिलला होकार कळवला. अशा प्रस्तावांना उत्तर द्यायची प्रथेची शेवटची तारीख १५ एप्रिल असते. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकन दूतावासांनी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं काही आठवडे थांबवलं, तेव्हा तिची मुलाखत होऊन गेलेली होती. तो निव्वळ योग. ऑगस्ट २०२५ मध्ये ती गेली.

मनातल्या ठिकाणचा नकार फेब्रुवारीअखेर आला होता. तिने तो ईमेल मला काहीही न लिहिता पुढे पाठवला. त्या वसंतात तिकडे केंद्र सरकारचा संशोधनाचा पैसा आटत होता, अनेक विद्यापीठं प्रवेश कमी करत होती. त्यामुळे त्या नकारात १५८ चा वाटा किती, पैशांचा किती आणि नुसत्या गर्दीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. भावोजी आजही जेवताना मधेच म्हणतात, "तिथे १६३ असते तर?" मी नाही म्हणत नाही. मोजणी सोडून अभ्यास केला असता तर ते दार कदाचित उघडलं असतं. तसं झालं असतं तर असिस्टंटशिप देणाऱ्या प्राध्यापकांनी तिला कशाबद्दल विचारलं असतं, तेही मला माहीत नाही.

माझी स्वतःची एक चूक यात आहे आणि ती मला अजून बोचते. जुलैत ती दर रविवारी माझ्याकडे येत होती. मॉकचे आकडे सांगायची, मी शाबासकी द्यायचे. ते आकडे कुठल्या परिस्थितीत आले, निबंध लिहिला का, मधे उठलीस का, हे मी तेव्हा एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तुलनेच्या प्रश्नांची खोड पहिल्या परीक्षेच्या आधीच सापडली असती. आता कुणी तारीख घ्यायच्या आधी आलं की मी जेवणाचं टेबल रिकामं करून देते आणि फोन मागून घेते.